चारातली एक स्प्रिंग

‘मिस्त्री आहेत का?’

काउंटरमागे मी बसलेली असते. डोक्यावर ‘शटर दुरुस्ती’ असा हातभर बोर्ड असतो. तरी समोरचा गृहस्थ माझ्या खांद्यावरून मागे बघत हे विचारतो. मागे भिंत आहे आणि भिंतीवर कॅलेंडर. त्यात मिस्त्री नाहीत असं मी सांगते, तेव्हा कुठे त्याची नजर माझ्यावर येऊन थांबते. ‘बरं, मग तुम्हीच सांगा,’ तो म्हणतो. इतक्या वर्षांत भोसरीनं मला दिलेली बढती ती एवढीच.

मिस्त्री म्हणजे आमचे हे. ते शिडीवर आणि मी खाली, अशी आमची लग्नापासूनची वाटणी आहे. शिडीवर असताना ते दोनच शब्द बोलतात, ‘धर’ आणि ‘सोड’. खाली आल्यावर तेही बोलत नाहीत. त्यामुळे गिऱ्हाइकाशी बोलणं, माप घेणं, भाव सांगणं, भावावरून भांडणं आणि शेवटी त्याच गिऱ्हाइकाकडे चहा पिणं ही सगळी खाती माझ्याकडे आली. स्प्रिंगला पीळ देताना दुसरी सळई धरायला भरवशाचा माणूस लागतो. तो मिळेना, म्हणून तेही मीच शिकले.

ज्यांना शटर फक्त वर-खाली करणं माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. दुकानाच्या माथ्यावर एक आडवा पाइप असतो, शटर त्यावर गुंडाळलं जातं. पाइपवर स्प्रिंगा बसवलेल्या असतात. तुम्ही शटर खाली ओढता तेव्हा त्यांना पीळ बसतो, आणि वर ढकलता तेव्हा तो पीळ सुटत शटर वर नेतो. म्हणजे सकाळी शटर तुम्ही उचलत नाही, स्प्रिंग उचलते. तुम्ही नुसता हात लावता आणि दिवसभर दुकान चालवल्याचं श्रेय घेता. स्प्रिंग गेली की शटर आपलं खरं वजन दाखवतं, आणि मग चार जणांना त्याखाली वाकून कण्हावं लागतं.

हा पीळ भरण्याचं काम मात्र गमतीचं नाही. पाइपच्या भोकात एक सळई घालून अर्धा फेरा द्यायचा, तो दुसऱ्या सळईनं धरून ठेवायचा, मग पहिली काढून पुढच्या भोकात घालायची. धरणाऱ्याचं लक्ष गेलं की सळई उलटी फिरते. एकदा ती फिरली, त्या दिवसापासून यांचा डावा अंगठा वाकत नाही. तेव्हा सळई धरायला दुसरा माणूस होता, त्याचा मोबाइल वाजला आणि त्यानं तो घेतला. नंतर त्यानं फार सभ्यपणे माफीही मागितली, मोबाइलवरूनच.

आता खर्चाचं. शटरला चार स्प्रिंगा असतील आणि एक तुटली, तर चारही बदलायच्या हा आमच्या धंद्यातला नियम. कारण त्या एकाच दिवशी बसलेल्या असतात आणि सारख्याच राबलेल्या असतात. एक नवी घातली तर ती ताठ आणि बाकीच्या सैल, सगळा भार ती एकटी ओढते. मग ती जाते आणि जाताना उरलेल्यांनाही घेऊन जाते. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. प्रत्येक गिऱ्हाइक ऐकून घेतं आणि समजुतीनं हसतं. मी तीन स्प्रिंगा जास्त खपवायला निघाले आहे हे त्याला केव्हाच कळलेलं असतं.

चिंचवडला एका बंगल्यात गाडीच्या खोलीचं शटर होतं. खोली आमच्या पहिल्या घरापेक्षा मोठी आणि आतली गाडी त्या खोलीपेक्षा महाग. साहेबांनी व्हिडिओ बघून ठेवला होता. ‘वीस मिनिटांचं काम आहे, बाई,’ म्हणाले, ‘वीस मिनिटांचे किती?’ मी म्हटलं, साहेब, वीस मिनिटांचे काही नाहीत, ती शिकायला लागलेल्या वर्षांचे घेते. ते नाराज झाले आणि त्यांनी एकच स्प्रिंग बसवून घेतली. दुसरी तुटली तेव्हा गाडी आत अडकली आणि साहेब रिक्षानं कामावर गेले. रिक्षावाल्याशी त्यांनी किती घासाघीस केली हे कळलं नाही.

चाकणच्या एका मोठ्या कंपनीत तर स्प्रिंग बदलायला गेलो, त्याआधी आम्हाला सुरक्षेचा सिनेमा दाखवला. डोक्याला टोपी, पायात बूट, अंगात चकाकतं जाकीट आणि शेवटी शिडीवरून पडल्यास कंपनी जबाबदार नाही अशा कागदावर सही. काळजी म्हणतात ती ही.

पण मला सांगायचं आहे ते दत्ताशेठचं.

दत्ताशेठ मूळचे चाकणकडच्या एका गावचे. थोडी जमीन कंपन्यांच्या वाटेत गेली, तिच्या पैशातून त्यांनी भोसरीत गाळा घेतला आणि स्प्रिंगा बनवायला लागले. हो, स्प्रिंगाच. दुचाकीत बसतात त्या. त्यांच्या शटरची एक स्प्रिंग तुटली आणि त्यांनी मला बोलावलं. मी चारही बघितल्या, उरलेल्या तिघी किती थकल्या आहेत ते दाखवलं आणि मजुरीसकट साडेचार हजार सांगितले.

दत्ताशेठ खुर्चीत मागे रेलले. ‘वहिनी, आपण दिवसाला पोत्यांनी स्प्रिंगा करतो,’ म्हणाले, ‘आणि तुम्ही आपल्यालाच स्प्रिंग विकताय?’

मी सांगितलं की त्यांची स्प्रिंग दाबायची आणि आमची पिळायची, नाव एक पण काम वेगळं. ते म्हणाले, स्प्रिंग म्हणजे स्प्रिंग. हा आजार भोसरीत घरोघर आहे. इथे प्रत्येकाच्या गाळ्यात लेथ आहे, त्यामुळे कुणाला काही विकत घ्यावंसं वाटत नाही. कुणी घरच्या पाळण्याची कडी करतो, कुणी सायकलचं पॅडल. आमच्या ओळखीच्या एकानं सुनेसाठी पोळपाट-लाटणं स्टीलमध्ये वळवून आणलं होतं. ते लाटणं उचलायला सासू आणि सून दोघी लागतात, घरात तेवढाच सलोखा आला.

तर दत्ताशेठनी स्वतःच्या तारेची, स्वतःच्या भट्टीतून कडक करून काढलेली स्प्रिंग स्वतःच बसवली. उरलेल्या तीन जुन्या तशाच ठेवल्या. मला मुद्दाम बोलावून दाखवली. शटर एका बोटानं वर गेलं, धाडकन. मी म्हटलं, फार कडक आहे, ही पीळ सोसणार नाही, मोडेल. ते समजुतीनं हसले. त्यानंतर दिसले की ‘काय वहिनी, मोडली का?’ असं विचारायचे. मीही एक चांगला टोमणा घासूनपुसून ठेवला होता. तो वेळेवर वापरायचा असं ठरवलं होतं.

खंडेनवमीच्या सकाळी आमच्या भागात मशिनी बंद असतात. पाने, हातोड्या, पहारी सगळं धुऊन पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचा हार घालायचा. एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर ज्याला आपण आपटतो त्याला एक दिवस विसावा. आमचीही पूजा झाली होती, मी नैवेद्याचं बघत होते, आणि दत्ताशेठचा फोन आला.

‘वहिनी, शटर पडलं. आई आत आहे.’

तो टोमणा कुठे गेला मला माहीत नाही. मी यांच्याकडे बघितलं. यांनी दोन्ही पहारींवरचे हार काढून देवापुढे ठेवले आणि ‘चल’ म्हणाले. कामाच्या वेळी त्यांच्या तोंडून ऐकलेला हा तिसरा शब्द.

दत्ताशेठच्या आईला सगळी गल्ली आक्का म्हणायची. गाळ्यातली पूजा दर वर्षी त्याच करायच्या. नवरात्राचे नऊही दिवस उपास, पोटात काही नाही, आणि तशाच गावाहून पहाटे निघून यायच्या. त्या आत मशिनींना कुंकू लावत होत्या. दत्ताशेठ तोरण आणायला रस्त्यावर आले, आणि मागे ती कडक स्प्रिंग मोडली. तिच्यावरच सगळा भार होता. बाकीच्या थकलेल्या तिघींनीही लगोलग हात टेकले आणि शटर खाली आलं. नशीब एवढंच की आक्का उंबऱ्यात नव्हत्या.

गाळ्याला मागचं दार होतं. पण दार म्हणजे वाया जाणारी जागा, म्हणून त्याला लावून मालाचे रॅक उभे केले होते आणि रॅक गळ्यापर्यंत भरले होते. वरची हवेची झडप काम देणाऱ्या कंपनीचे पाहुणे यायचे होते तेव्हा धूळ येते म्हणून पत्र्यानं बंद केली होती. आत आक्कांनी घमेल्यात निखारे घालून धूप लावला होता. कुणीतरी बाहेरून त्यांना निखारे विझवायला सांगितले, त्यांनी पाणी ओतलं आणि धूर दुप्पट झाला. शटरच्या कडेच्या फटीतून तो बाहेर येत होता. आतून खोकला ऐकू येत होता, आणि मधेच थांबत होता.

गल्लीत तोवर सगळी अभियांत्रिकी जमली होती. इतकी हत्यारं एका जागी असलेला दुसरा भाग देशात शोधावा लागेल, पण त्या सकाळी सगळी हत्यारं हार घालून पाटावर बसली होती. तोंडं तेवढी कुणी पूजेला ठेवली नव्हती. एक म्हणाला गॅसनं कापा. आत तेलाची पिंपं आहेत हे त्याच्या लक्षात आणून दिल्यावर तो म्हणाला, तसंही आज कटर चालवला नसता. शेजारच्या गाळ्यात फोर्कलिफ्ट होती, केळीचे खांब बांधून नटवलेली. तिच्या मालकानं तिच्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि नारळ नुकताच फोडलाय असं पुटपुटला. तिच्या सुळ्यांनी खालची पट्टी फाटून शटर खाचेत अडकलं असतं, त्यामुळे ती आली नाही हे बरंच झालं. तरी मी त्या माणसाला अजून नमस्कार करत नाही.

मग हातानंच उचलायचं ठरलं. दोन पहारी खालच्या पट्टीत घालून सगळे लागले. शटर बोटभर वर आलं. पण उचलून धरायचं किती वेळ? खाली टेकण द्यायला हवं, आणि बाहेरच्या बाजूला टेम्पो चढायला केलेला उतार होता. त्यावर ठेवलेली वीट शटरचं वजन पडताच सरकून रस्त्यावर यायची. आतली फरशी सपाट होती. टेकण आतूनच लागायला हवं होतं.

मी जमिनीवर आडवी झाले आणि फटीला तोंड लावलं. ‘आक्का, आम्ही उचलतो, तुम्ही आतून खाली काहीतरी सारा. सपाट आणि जाड. बोटं फटीत घालू नका, लांबूनच ढकला.’

‘व्हय,’ आतून आवाज आला. मग खोकला. मग, ‘समदं पूजलेलं हाय. लोखंडाच्या सपाट वड्या हायेत हिथं, चालत्याल का?’

चालतील, असं मी म्हणणार होते. दत्ताशेठ माझ्या शेजारी आडवे पडलेले होते. कपाळाला कुंकू, डोळ्यांतून पाणी चाललेलं. माझ्याआधी ते बोलले.

‘आई, त्या नको. ते साचे कंपनीचे आहेत. दुसरं काहीतरी बघ.’

साचे म्हणजे माल बरोबर बनावा म्हणून मोठी कंपनी कामाबरोबर देते ते. घासून आरशासारखे केलेले. त्यावर ओरखडा आला तर कंपनी माल परत पाठवते, आणि फार आले तर कामच काढून घेते. दत्ताशेठ रोज सकाळी ते स्वतः पुसायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. ते वाक्य त्यांनी ठरवून म्हटलं असं मला वाटत नाही. रोजचं होतं, तोंडातून निघून गेलं.

आत काहीच आवाज नाही. खोकलाही नाही. मी हाका मारत राहिले.

मग फटीतून एक साचा सरकत आला. वर हळद, कुंकू आणि चिकटलेली झेंडूची पाकळी. त्यामागून दुसरा. ‘सोड,’ मी म्हटलं, आणि शटर त्या साच्यांवर टेकलं. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज झाला. दत्ताशेठनी डोळे मिटले. पुन्हा उचललं, पुन्हा दोन साचे आले. धूर आता खालून बाहेर वाहायला लागला आणि आक्कांचा श्वास ऐकू यायला लागला. चार बोटं झाल्यावर टेम्पोचा जॅक आत सरकवून शटर हातभर वर घेतलं. आक्कांना आडवं व्हायला सांगितलं आणि मी त्यांचे हात धरून त्यांना बाहेर ओढलं. पदराला रांगोळी, केसांना राख. अंगात काही वजनच नव्हतं.

त्यांना समोरच्या गाळ्याच्या पायरीवर बसवलं. दत्ताशेठनी पाय धरले, लहान मुलासारखे रडले. त्यांना आईची काळजी नव्हती असं कुणी म्हणू नये, मी स्वतः बघितलं आहे. आक्कांनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. मग आमच्या यांनी शटर जॅकवर टेकवून साचे बाहेर काढले आणि उतारावर ठेवले. दत्ताशेठ उठले, एक साचा उचलला आणि त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. ओरखडा बघायचा असला की आपल्याकडे सगळेच तसा फिरवतात. हात आपला आपण जातो.

आक्का पाण्याचा पेला हातात धरून बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघितल्यावर त्या पाणी प्यायल्या.

नंतरची हकीकत म्हणजे आमच्या धंद्याची भरभराट. दत्ताशेठनी चारही स्प्रिंगा बदलल्या. शटरला मोटर बसवली. मागचं दार मोकळं केलं, रॅक हलवले, झडपेवरचा पत्रा काढला. साडेचार हजारांचं काम कितीतरी पटीनं वाढलं आणि त्यांनी एका पैशाची घासाघीस केली नाही. सगळं आयुष्य मी असल्या गिऱ्हाइकाची वाट बघितली होती. आलं तेव्हा मला ते बघवेना. मी आपणहून मजुरी कमी केली, तर म्हणाले, ‘राहू द्या, वहिनी.’

पुढच्या खंडेनवमीला त्यांनी आम्हा दोघांना पूजेला बोलावलं. शटर माथ्यापर्यंत वर होतं. आत फुलांच्या माळा, साचे पुसून पाटावर मांडलेले, मागच्या दारातून वारा येत होता. आक्का मात्र रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या.

भीती बसली असेल असं मला वाटलं. मी त्यांना धीर द्यायला गेले. स्प्रिंगा मी स्वतः बसवल्यात, म्हटलं, आणि मोटरला ब्रेक आहे, हे आता पडणार नाही. एक नवी चांगली वस्तू विकणाऱ्या बाईच्या उत्साहानं मी बरंच काही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

मग दत्ताशेठ पूजेचं ताट घेऊन उंबऱ्यात आले. ‘आई, ये ना आत. तुझ्याशिवाय कोण करणार?’

आक्कांनी मान वर केली. रागावलेल्या नव्हत्या. शेजारणीशी बोलावं तसं बोलल्या.

‘नगं बाबा. आत समदं कंपनीचं हाय. मी हिथं बरी हाय.’

उंबऱ्यात ताट धरून उभ्या दत्ताशेठच्या डोक्यावरच्या चारही स्प्रिंगा ते शटर मजेत पेलत होत्या.